मोटारीची बॅटरी बदलताना

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मोटारीच्या बॅटरीवरचा लेख पाहून काही सभासद बंधुभगिनींना नवल वाटेल. संस्थेचा इतिहास, देणगीदारांचे ऋण, गणेशोत्सवाची वाटचाल, विद्यार्थ्यांना दिलेल्या साहाय्याचा वृत्तांत हे विषय ह्या पानांना शोभणारे खरे. त्यांच्या पंगतीला बॅटरी कशी आली, हे प्रथम सांगणे आम्हांस अवश्य वाटते.

गेल्या पन्नास वर्षांत आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी समाजाचे रूप पुष्कळ बदलले आहे. लष्करातील ज्या वाड्यांतून एके काळी तीन-तीन पिढ्या एकत्र नांदत, तेथे आज कित्येक घरी दोन वृद्ध जीव आणि दाराशी एक मोटार एवढेच उरले आहे. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी. मोटार आठवड्यातून एकदा भाजीपाल्याला नाही तर देवदर्शनाला निघते, आणि लग्नकार्यासाठी मंडळी महाराष्ट्रात गेली म्हणजे महिना महिना जागची हलत नाही. अशा घरी रात्री दोन वाजता कोणाच्या छातीत दुखू लागले आणि मोटारीने नुसते 'टक्' करून मौन धरले, तर काय प्रसंग ओढवतो ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. संस्थेची रुग्णवाहिका आहे. पण तीही बॅटरीवरच सुरू होते, हे विसरून चालणार नाही.

पूर्वी ह्याची फिकीर कमी होती. अँबॅसिडरला समोरून हँडल मारता येई. ते न जमले तर आळीतील चार मुले धक्का देत आणि गाडी फुरफुरत सुरू होई. आज हँडल गेले, आळीतील मुलेही पांगली. क्लचविरहित स्वयंचलित गिअरची गाडी तर धक्का देऊन सुरू होतच नाही. म्हणजे गाड्या सुधारल्या तशी बॅटरीवरची भिस्त वाढली. म्हणून योग्य बॅटरी कोणती व ती कशी निवडावी, हा विषय आम्ही येथे सविस्तर मांडीत आहोत. सांगावयाची मुख्य गोष्ट एकच आहे : सर्वांत महाग किंवा सर्वांत मोठी बॅटरी म्हणजे योग्य बॅटरी नव्हे, आपल्या गाडीला मापाने व जातीने जुळणारी आणि कारखान्यातून नुकतीच आलेली बॅटरी ती योग्य.

बॅटरीचे काम

शिसे आणि गंधकाम्ल ह्यांच्या योगाने वीज साठवून ती पुन्हा वापरता येते, हे गास्ताँ प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली दाखविले. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला विजेवर चालणारा 'सेल्फ' बसला, आणि तेव्हापासून बॅटरी हा मोटारीचा अविभाज्य भाग झाला. आजही पेट्रोल व डिझेल गाड्यांतील बॅटरीचे तत्त्व प्लांतेचेच आहे. तिच्यात ६ खाने असतात, प्रत्येक खाना सुमारे २.१ व्होल्ट देतो, आणि सारे मिळून भरलेल्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट होतात.

बॅटरी हा विजेचा रांजण समजावा आणि इंजिनावर फिरणारा अल्टरनेटर, ज्याला आपले मिस्त्री अजून डायनामोच म्हणतात, तो हा रांजण भरणारा पाणक्या. सेल्फ मारताना लहान पेट्रोल गाडी शंभर ते दोनशे अँपिअर प्रवाह ओढते. आकडा मोठा दिसतो. पण तो दोन सेकंदांपुरताच असल्याने रांजणातून जेमतेम तांब्याभर पाणी जाते, आणि गाडी थोडी चालली की ते भरून निघते. उलट गाडी बंद करून समोरचे दिवे चालू राहिले, तर दोन दिव्यांचे मिळून ११० वॅट, म्हणजे सुमारे ९ अँपिअर सतत वाहत राहतात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन-चार तासांत रिकामी होते. एकदम ओतलेला तांब्या रांजणाला जड जात नाही, गळका तळ मात्र त्याला रिकामा करतो.

गाडी नुसती उभी असली तरी घड्याळ, चोरघंटा, संगणक ह्यांना थोडी वीज लागतेच. ही गळती साधारणतः ५० मिलिअँपिअरच्या आत असावी. पण हिशेब करून पाहा : ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास; ३५ अँपिअर-तासांची बॅटरी अवघ्या पंधरा दिवसांत निम्मी होते. मागाहून बसविलेला कॅमेरा किंवा मागोवा घेणारे यंत्र असेल, तर त्याहूनही लवकर. महिनाभर गावी जाऊन आलेल्या मंडळींची गाडी का रुसते, ह्याचे उत्तर बहुधा येथेच असते. आणि बॅटरी उतरलेल्या स्थितीत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या गंधकयुक्त क्षाराचे कठीण थर बसतात. मग ती पुन्हा पुरती भरत नाही.

दोष बॅटरीचाच आहे काय?

गाडी सुरू झाली नाही की आपण तडक बॅटरीच्या दुकानी जातो, आणि दुकानदार बॅटरीच विकणार. आमच्या माहितीतील एका कुटुंबाने दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या आणि तिसरी घेण्याच्या बेतात असताना एका जुन्या मिस्त्रीने पाहिले, तो अल्टरनेटर पुरेशी वीजच देत नव्हता. नवी बॅटरी येई, काही महिने अर्धपोटी काढी आणि मरे. म्हणून निवडीच्या आधी निदान करावे.

प्रथम टर्मिनले पाहावीत. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी असेल किंवा पकड हाताने हलत असेल, तर प्रवाहाची वाटच अडलेली असते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून टर्मिनले धुवावीत, कोरडी करून घट्ट आवळावीत. कित्येकदा बॅटरी 'बरी' होते ती ह्या दोन रुपयांच्या सोड्याने.

मग व्होल्टमीटर लावावा. हे साधन साधे आहे आणि प्रत्येक वाहनधारकाच्या घरी असावे असे आमचे मत आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, सुरू करण्यापूर्वी, बॅटरीचे माप घ्यावे. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे पाव. सेल्फ मारताना आकडा क्षणभर खाली येतो, पण तो साधारणपणे ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू झाल्यावर तो सुमारे १३.८ ते १४.५ ह्यांच्या दरम्यान दिसावा. काही नव्या गाड्यांत संगणक हा आकडा खालीवर करतो, हे ध्यानात ठेवावे. सुरू इंजिनावरही आकडा १२.५ च्या आसपास रेंगाळत असेल, तर संशय अल्टरनेटरवर किंवा त्याच्या पट्ट्यावर घ्यावा. रात्री १२.६ असलेली बॅटरी सकाळी १२.१ वर आली, तर एक तर कुठे तरी गळती आहे किंवा एखादा खाना निकामी झाला आहे. बॅटरी पूर्ण भरून, गाडीपासून सोडवून, एक रात्र वेगळी ठेवली की ह्या दोहोंतील भेद कळतो : वेगळी ठेवूनही उतरली तर दोष तिचाच.

पुष्कळ दुकानांतून भार देऊन बॅटरी तपासण्याचे यंत्र असते. मात्र तपासणीपूर्वी बॅटरी भरलेली असावी. उपाशी माणसाला तालमीत उतरवून तो अशक्त ठरविण्यात अर्थ नाही.

निवडीच्या पाच गोष्टी

बॅटरी बदलणे अवश्यच ठरले, तर पाच गोष्टी जुळवून पाहाव्यात. गाडीबरोबर मिळालेले मार्गदर्शक पुस्तक आणि जुन्या बॅटरीवरील छापील खूण ह्या दोहोंचा आधार घ्यावा. नुसती जुनी बॅटरी पाहून भागत नाही. कारण आधीच्या मालकाने किंवा दुकानदाराने तीच चुकीची बसविलेली असू शकते.

पहिली गोष्ट व्होल्टेजची. आजच्या मोटारींना १२ व्होल्टची बॅटरी लागते. फार जुन्या, हौसेने जपलेल्या काही गाड्यांना ६ व्होल्टची, आणि मोठ्या ट्रक-बसना २४ व्होल्टची व्यवस्था असते. येथे चूक सहसा होत नाही.

दुसरी गोष्ट मापाची. बॅटरी तिच्या तबकात नेमकी बसली पाहिजे आणि तिला दाबून धरणारी पट्टी आवळता आली पाहिजे. सैल बॅटरी खड्ड्यांतून हादरे खाऊन आतून ढासळते. फार उंच बॅटरी त्याहून धोक्याची. तिचे टर्मिनल बॉनेटच्या पत्र्याला टेकले तर ठिणगी पडून आग लागू शकते.

जपानी पद्धतीच्या बॅटऱ्यांवरील खूण वाचता आली म्हणजे माप समजते. आपल्याकडील अनेक लहान पेट्रोल गाड्यांना लागणारी '३८बी२०एल' ही बॅटरी घ्या. ह्यातील ३८ हा तिच्या एकंदर कामगिरीचा क्रम आहे. तो अँपिअर-तासांचा आकडा नव्हे, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. ह्या बॅटरीची क्षमता आपल्याकडे बहुधा ३५ अँपिअर-तास असते. 'बी' हे रुंदी व उंचीच्या वर्गाचे अक्षर, २० ही लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटचे 'एल' टर्मिनलांची बाजू दाखविते. युरोपीय पद्धतीच्या, 'डिन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बॅटऱ्या बसक्या असतात, त्यांची टर्मिनले खोलगट जागेत असतात, आणि त्यांच्या नावातील आकडा, जसे डिन ४४ किंवा डिन ६०, सहसा अँपिअर-तासच सांगतो. एका पद्धतीच्या जागी दुसरी 'बसवून देतो' असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा.

तिसरी गोष्ट टर्मिनलांची. वरच्या 'एल'वरून धन टर्मिनल डाव्या हाताला असते असे अनेकांना वाटते. पण टर्मिनलांची कड आपल्याकडे करून पाहिले तर जपानी 'एल' बॅटरीचे धन टर्मिनल उजव्या हाताला येते. अक्षरांचा हा घोळ टाळण्याचा सोपा उपाय असा : जुनी व नवी बॅटरी शेजारी शेजारी, एकाच दिशेने तोंड करून ठेवावी आणि धन-ऋण खुणा डोळ्यांनी ताडून पाहाव्यात. बाजू उलटी असेल तर तारा पोहोचत नाहीत, किंवा ओढूनताणून पोहोचविताना उलट्या जोडल्या जातात. आणि उलटी जोडणी एका क्षणात गाडीतील महागडी उपकरणे जाळू शकते. टर्मिनलांची जाडीही पाहावी. जाड व बारीक असे दोन प्रकार आहेत. बारीक टर्मिनलावर जाड पकड बसविण्यासाठी पत्र्याचा तुकडा कोंबणे ही तात्पुरती युक्ती होय, पक्की दुरुस्ती नव्हे.

चौथी गोष्ट क्षमतेची. येथे दोन आकडे भेटतात. पहिला अँपिअर-तासांचा. ३५ अँपिअर-तास म्हणजे ती बॅटरी १.७५ अँपिअर प्रवाह २० तास देईल. हा झाला रांजणाचा आकार. दुसरा आकडा सी.सी.ए. म्हणून छापलेला असतो. शून्याखाली १८ अंश तापमानात बॅटरी अर्धा मिनिट किती प्रवाह देऊ शकते, हे तो सांगतो; ही झाली रांजणाच्या तोंडाची रुंदी. आपल्याकडे इतकी थंडी पडत नाही. तथापि सेल्फला एकदम जोर देण्याची बॅटरीची ताकद ह्याच आकड्याने कळते, आणि डिझेल गाडीला तो अधिक लागतो. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मानक-पद्धतीचे आहेत ना, हे पाहावे. जपानी, युरोपीय व अमेरिकन पद्धतींचे आकडे परस्परांशी ताडता येत नाहीत.

गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या क्षमतेपेक्षा लहान बॅटरी कधीही घेऊ नये. मोठी घेतली तर 'डायनामो जळतो' अशी एक समजूत आहे. तबकात नीट बसणारी एक पायरी मोठी बॅटरी घेतल्याने तसे काही होत नाही. पण तिचा फायदाही फारसा नाही. आठवड्यातून एकदा दोन मैल जाणाऱ्या गाडीचा पाणक्या लहान रांजणही पुरता भरीत नाही, तेथे मोठा रांजण घेऊन काय साधणार? अशा घरांनी मोठ्या बॅटरीवर खर्च करण्याऐवजी आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवावी, किंवा बॅटरी भरून ठेवणारा लहान स्वयंचलित चार्जर घ्यावा. दाराशी उभ्या गाडीचे इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करणे हा मात्र उपाय नव्हे. तो देखावा आहे.

पाचवी गोष्ट जातीची, आणि आजच्या काळात हीच सर्वांत महत्त्वाची. नेहमीच्या बॅटरीत अ‍ॅसिड पातळ रूपात असते. पण सिग्नलला थांबताच इंजिन आपोआप बंद होते आणि क्लच दाबताच किंवा ब्रेक सोडताच सुरू होते, अशा गाड्यांना एका फेरीत पाच-पंचवीस वेळा सेल्फ मारावा लागतो. त्यांच्यासाठी 'ई.एफ.बी.' किंवा 'ए.जी.एम.' नावाच्या दणकट बॅटऱ्या असतात. ए.जी.एम.मध्ये अ‍ॅसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेले असते. ई.एफ.बी.च्या जागी ई.एफ.बी.च, ए.जी.एम.च्या जागी ए.जी.एम.च बसवावी. ह्या जागी साधी बॅटरी बसवून पैसे वाचविले तर ती थोड्याच दिवसांत थकते. काही गाड्यांत नवी बॅटरी बसविल्यावर तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते. अशा गाड्या जाणत्या ठिकाणीच न्याव्यात. काही गाड्यांत दोन बॅटऱ्या असतात, आणि बहुतेक विजेच्या मोटारींतही मोठ्या बॅटरीखेरीज १२ व्होल्टची एक लहान बॅटरी असते. ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

घरच्या इन्व्हर्टरची बॅटरीही १२ व्होल्टचीच, मग ती मोटारीला का चालू नये, असे एकाने आम्हांस विचारले होते. दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. मोटारीच्या बॅटरीत पातळ पट्ट्या पुष्कळ असतात. ती क्षणभर मोठा जोर देते, पण खोलवर रिकामी केलेली तिला सोसत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत जाड पट्ट्या असतात. ती तासन् तास सावकाश वीज देते. पहिला धावण्याच्या शर्यतीचा गडी, दुसरा ओझी वाहणारा. एकाचे काम दुसऱ्याला सांगू नये.

ग्वाल्हेरचे ऊन आणि थंडी

बॅटरी थंडीत मरते असा सर्वसाधारण समज आहे, कारण जानेवारीच्या सकाळीच गाडी रुसते. वस्तुतः बॅटरीला मारतो तो उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि बॉनेटखाली त्याहून पुष्कळ अधिक. उष्णता दर १० अंशांनी वाढली की बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. उष्णतेने आतले पाणी उडते, पट्ट्यांची जाळी गंजते. मग थंडीत तेल दाट होते, इंजिन जड फिरते, बॅटरीची रासायनिक क्रियाही मंदावते. आणि मे महिन्यात झालेला घाव जानेवारीत उघडा पडतो. म्हणून तपासणी करावयाची ती दिवाळीच्या सुमारास. तीन वर्षे झालेली बॅटरी दर दिवाळीला तपासून घ्यावी, आणि भार-चाचणीत ती दुर्बळ ठरली तर ती बंद पडण्याची वाट पाहू नये.

ह्याच कारणाने बुचांची बॅटरी घ्यावी की बंद, हा प्रश्न येतो. बुचांच्या बॅटरीत पाणी भरता येते, ही आपल्या हवेत मोठी सोय आहे. पण दर महिन्याला बूच उघडून पाहणारा कोणी घरात हवा. तसे नसेल तर बंद बॅटरीच बरी. पाणी भरावयाचे ते डिस्टिल्डच. नळाचे किंवा घरच्या शुद्धीकरण यंत्राचे नव्हे. अ‍ॅसिड तर वरून कधीच घालू नये, कारण उडते ते पाणी, अ‍ॅसिड नव्हे. बंद बॅटरीवर हिरवा डोळा असतो. तो उपयोगी आहे, पण सहापैकी एकाच खान्याची वार्ता देतो. हिरवा दिसला म्हणून बाकीचे पाच ठणठणीत असतील असे नाही.

खरेदी व बसविणे

बॅटरी दुकानातील फळीवरही हळूहळू उतरत असते. म्हणून निर्मितीचा महिना व वर्ष विचारून, तीन महिन्यांच्या आतली घ्यावी आणि आपल्यासमोर व्होल्टमीटर लावावयास सांगावे. १२.४ हून कमी भरले तर दुसरी मागावी. 'नवी केलेली' जुनी बॅटरी किमतीने मोह पाडते. ज्या गाडीवर कोणाचा जीव अवलंबून आहे तिला ती लावू नये.

वॉरंटीचे महिने ऐकताना फोड विचारावी. '२४ अधिक २४' म्हणजे चार वर्षे फुकट बदलून मिळणार असे नव्हे. पहिले २४ महिने बदलून, पुढचे २४ महिने नव्या बॅटरीवर ठरावीक सूट, असा त्याचा सामान्य अर्थ असतो. टॅक्सी किंवा व्यापारी वापराला मुदत वेगळी असू शकते. पावती, क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय दुकान सोडू नये.

बसविताना क्रम महत्त्वाचा. काढताना ऋण तार आधी सोडावी, जोडताना ऋण तार शेवटी जोडावी. गाडीचे सारे अंग ऋणाशी जोडलेले असल्याने, ऋण तार जोडलेली असताना धन टर्मिनलावरचा पाना पत्र्याला लागला की मोठी ठिणगी उडते. बॅटरीजवळ विडी-सिगारेट, काडी नको. भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. आवळून झाल्यावर टर्मिनलांवर व्हॅसलीनचा हलका हात फिरवावा.

संस्थेच्या रुग्णवाहिकेविषयी

रुग्णवाहिकेत दिवे, भोंगा आणि उपकरणे गाडी उभी असतानाही चालू राहतात. हा भार सेल्फच्या बॅटरीवर टाकला, तर ती खोलवर रिकामी होऊन अकाली जाते; आणि नेमक्या वेळी गाडी सुरू होत नाही. म्हणून उपकरणांसाठी वेगळी, सावकाश वीज देणारी बॅटरी असावी आणि दोहोंमध्ये अशी योजना असावी, की उपकरणांनी सेल्फचा वाटा ओढू नये. बॅटरी घेताना समितीने तीन दरपत्रके मागविणे योग्यच. परंतु दरांपूर्वी माप, जात, क्षमता व निर्मितीचा महिना ही अट दरपत्रकातच लिहावी. तसे न केल्यास सर्वांत स्वस्त दर हा बहुधा सर्वांत जुन्या मालाचा निघतो. दानाचा पैसा वाचविणे म्हणजे कमी देणे नव्हे, दोनदा न देणे होय.

जुन्या बॅटरीचे काय करावे

लहान मोटारीची बॅटरी दहा किलोच्या आसपास भरते, आणि त्यातील अर्ध्याहून अधिक वजन शिशाचे असते. हे शिसे वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येते, म्हणूनच जुनीचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा होतात. पण तीच बॅटरी भंगारवाल्याला चार पैसे अधिक मिळतात म्हणून दिली, तर ती एखाद्या वस्तीतील उघड्या भट्टीत फोडली जाण्याचा संभव असतो. अ‍ॅसिड गटारात जाते, शिशाची धूळ अंगणात बसते. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते, आणि त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. भारत सरकारने २००१ साली व पुन्हा २०२२ साली केलेल्या नियमांचा हेतू हाच, की जुनी बॅटरी परत जाऊन नोंदणीकृत कारखान्यात पोहोचावी. जुनी बॅटरी दुकानदाराकडेच द्यावी आणि पावतीवर तशी नोंद मागावी. ज्या संस्थेने मुलांच्या शिक्षणासाठी पन्नास वर्षे वर्गणी गोळा केली, तिच्या सभासदांना ह्याहून अधिक सांगणे नलगे.

शेवटी एक विनंती. प्रत्येक वाहनधारक सभासदाने आपल्या गाडीच्या पुस्तकात एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर बॅटरीची खूण, जात, धन टर्मिनलाची बाजू, बसविल्याची तारीख आणि मागील दिवाळीचे व्होल्ट, एवढे पाच शब्द लिहावेत. घरी आजोबा एकटे असले आणि बॅटरी शेजाऱ्याने आणावयाची ठरली, तरी ती चिठ्ठी घेऊन गेलेला मनुष्य चुकीची वस्तू आणणार नाही. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि ते आजच होण्यासारखे आहे. आमच्या सर्व कुटुंबांच्या दाराशी उभी असलेली गाडी हाकेसरशी सुरू होवो, आणि मध्यरात्री तिला हाक मारण्याची वेळ कोणावरही न येवो, ही ह्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमची मनःपूर्वक शुभेच्छा.